हातचा

न्याबोकेची भूगोलाची वही:
पुढून नद्या, मागून आमचा हिशेब.
मोठी माणसं दोन, मुलं दोन,
आणि मोगाका.
पाचाच्या आतला, त्याला तिकीट नाही.
तो कडेवर. तो हातचा.

वीस ऑगस्टला त्याला पाच पुरी होतात
आणि हातचा शेवटी मिळवावाच लागतो.
तेव्हा काय ते वीसच्या आत.

नाकुरूत बारा वर्षं झाली.
आमच्या दारापासून अभयारण्याचं कुंपण चारशे पावलं.
रात्री सिंह ऐकू येतो.
"म्हातारा खोकतोय," म्हणतो ओबिरी आणि कूस बदलतो.
बबून तर रोजचेच. तारेवरून येतात,
जेरोटिचच्या टपरीवरची केळी उचलतात,
सालं रस्त्यात टाकून परत आत जातात.
त्यांची कुणी पावती फाडत नाही.

आम्हांला मात्र गाडीशिवाय आत सोडत नाहीत.
टूरवाल्यानं जो आकडा सांगितला
त्यात माझं नवं शिलाई मशीन आलं असतं,
मोटरसकट.
मग किपतानुईची मटाटू आठवली.
रविवारी पहाटे एक फेरी, नंतर दिवसभर उभीच.
डिझेल आमचं, त्याचं जेवण आमचं,
आणि त्याच्या बायकोचे दोन झगे शिवायचे, अस्तरासकट.

चौदा जागा. जितकी डोकी, तितकं डोईजड कमी.
मी गल्लीत दारोदार फिरले.
जेरोटिच म्हणाली, "ज्या चोरांना रोज हाकलते
त्यांना बघायला पैसे देऊ?"
तिसऱ्या दिवशी आली, रुमालाची गाठ सोडली.
"ती माझी केळी कुठं बसून खातात
तेवढं एकदा बघायचंय."

मार्जरीनचा पिवळा डबा, झाकणाला चीर.
एप्रिलात तो ओन्सारेच्या बुटांत गेला.
मे महिन्यात तळाशी सात नाणी,
हलवलं की खुळखुळ्यासारखी वाजायची.
जूनमध्ये गणवेशांचं काम आलं,
जुलैत आवाज बदलला.

सतरा तारीख, रविवार.
चोवीस चपात्या, पंधरा उकडलेली अंडी,
थर्मास दोन, त्यातला एक गळका.
फाटकावर रखवालदारानं वाकून विचारलं,
"किती वर्षांचा तू?"
"पाच!" मोगाका छाती काढून म्हणाला.
सगळी मटाटू गप्प.
मी म्हटलं, "बुधवारी. बुधवारी होतील."
आणि जन्माचा दाखला काढला.
घरून निघताना पैशांच्या आधी तोच घेतला होता.

ओबिरीनं मुलांना गुलाबी किनारा कबूल केला होता.
त्याच्या लहानपणी म्हणे पाणी दिसायचं नाही, नुसते रोहित.
आता तळं चढलंय.
पाण्यात वाळकी झाडं उभी, कमरेपर्यंत बुडालेली,
रोहित मोजून नऊ, तेही लांब.
तो काचेला कपाळ टेकून बसला.
न्याबोके म्हणाली, "बाबा, ती झाडं बघ,
पोहायला घाबरल्यासारखी."
तेव्हा कुठं तो हसला.

कड्यावर जेवायला बसलो.
एक बबून आला, अख्खी चपाती घेऊन गेला,
जाताना जेरोटिचकडे वळून बघितलं.
"ओळख दिली हं मेल्यानं!"
ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मोगाकाला ना गेंडा हवा होता, ना जिराफ.
तो खाली पसरलेल्या शहरात बोट फिरवत होता,
पत्र्यांमागून पत्रे, पत्र्यांमागून पत्रे.
"ती निळी टाकी! तिच्या शेजारी आपण!"
मग आम्ही चौदाही जण
वाघ दिसल्यासारखे (इथं वाघ नसतात)
आपापलं छप्पर शोधत बसलो.
किपतानुईनं तर चहा तसाच निवू दिला.

रात्री वही पुन्हा उघडली.
पुढचं ठिकाण नैवाशाजवळचं.
तिथं म्हणे सायकलवरून आत सोडतात,
गाडी लागत नाही.
सायकली भाड्यानं. पाणी घरचं.
मोठी माणसं दोन.
मुलं तीन.

पेन्सिल थोडा वेळ तिथंच थांबली.
हातचा काही नाही.